दोन नावं, बारा मिनिटं: नाशिकच्या ऐंशीच्या शेतकरी आंदोलनावर छोटा माहितीपट कसा करावा

निफाड तालुक्यात कुठल्याही पारावर पासष्टी ओलांडलेल्या माणसापुढे नुसतं ‘ऐंशीचं आंदोलन’ म्हणून बघा. कोण कुठे बसलं होतं, कुणाची बैलगाडी रस्त्यात आडवी लावली होती, कोण किती दिवस आत होतं, सगळं निघतं. मधेच ‘खेरवाडीला गोळीबार झाला, दोन जण गेले’ असं एक वाक्य येतं आणि गाडी पुन्हा सभांकडे, भाषणांकडे वळते. ते वाक्य सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या पुढचं वाक्य फार थोड्यांना येतं.

मी, माझा एक कॅमेरावाला मित्र आणि माझी भाची, अशा तिघांनी मिळून या विषयावर बारा मिनिटांचा माहितीपट केला. पहिल्याच कामात होतात तेवढ्या सगळ्या चुका केल्या. आपापल्या भागातल्या एखाद्या आंदोलनावर आणि त्यात गेलेल्या माणसांवर काम करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं आमची आहेत, पण पद्धत कुठेही चालेल.

आधी विषय कापा

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण माहितीपटातही तिला दीड मिनिटापेक्षा जास्त जागा देऊ नये. शेतकरी नेते शरद जोशी टपाल खात्यातली सनदी नोकरी आणि मग स्वित्झर्लंडमधल्या बर्नची आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून चाकणजवळच्या आंबेठाणला शेती करायला आले. निर्यातबंदी, पडलेले भाव यांतून चाकणची कांदा आंदोलनं उभी राहिली, १९७९ मध्ये त्यांची शेतकरी संघटना झाली. १९८० मध्ये आंदोलन नाशिक जिल्ह्यात आलं. कांद्याला रास्त भाव हवा होता आणि उसाला टनाला ३०० रुपये. इथली धुरा पिंपळगाव बसवंतचे माधवराव मोरे, निफाडचे प्रल्हाद पाटील कराड यांच्यासारख्यांनी उचलली. मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अंतुले. १० नोव्हेंबर १९८० ला रस्ते अडवले गेले, रेल्वे अडवली गेली, आणि ओढा ते कसबे सुकेणे यांच्या मधल्या खेरवाडी स्टेशनावर पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी मृत्युमुखी पडले.

आमची पहिली संहिता आंबेठाणपासून सुरू होऊन संघटनेच्या नोव्हेंबर १९८६ मधल्या चांदवडच्या महिला अधिवेशनापर्यंत जात होती. बारा मिनिटांत! भाचीनं ती वाचली आणि विचारलं, “मामा, यात ते दोघं कुठे आहेत?” पान सातवर होते, दीड ओळीत.

म्हणून विषय एका दिवसावर, एका ठिकाणावर आणा. कागदाच्या एका बाजूवर तीन वाक्यं लिहा: काय झालं, कुणाचं काय गेलं, आज त्याचं काय उरलंय. जे या तिनांत बसत नाही ते कितीही रंजक असलं तरी वेगळ्या वहीत टाका. ती वही भरत जाते आणि जीव तुटतो, पण इलाज नाही.

कागद आधी, कॅमेरा नंतर

पहिला महिनाभर कॅमेऱ्याला हात लावू नका. नाशिकच्या माणसाला सोय चांगली आहे. १८४० पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं सावाना, हाकेच्या अंतरावर आहे. जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड कुठे मिळतील याची चौकशी तिथून सुरू करा. स्थानिक दैनिकं आणि मुंबईची दैनिकं शेजारी ठेवून वाचा. मुंबईच्या पानावर ‘गाड्यांना उशीर’ हा मथळा असतो, तर नाशिकच्या पानावर गावाचं नाव असतं. घटनेच्या तारखेपासून निदान पंधरा दिवस पुढचे अंक चाळा. पहिल्या दिवशीचे आकडे घाईतले असतात. दुरुस्ती आलीच तर चौथ्या-पाचव्या दिवशी, आतल्या पानावर, दोन इंचांत येते.

कात्रणाचा फोटो घेताना आधी पूर्ण पानाचा घ्या, तारीख आणि अंक दिसेल असा, आणि मग बातमीचा. आम्ही नुसत्या बातम्यांचे फोटो काढले. नंतर कुठली कुठल्या दिवशीची हे लावायला पुन्हा चार फेऱ्या झाल्या.

सरकारी कागदांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, कायद्यानं ३० दिवसांत उत्तर. ‘आंदोलनाची सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलंत तर हाती काही लागणार नाही. तारीख, ठिकाण, पोलीस ठाणं लिहून नेमका कागद मागा: गुन्हा नोंद, चौकशीचा आदेश, अहवाल. इतक्या जुन्या प्रकरणात ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं येण्याची शक्यता मोठी. म्हणून त्याच अर्जात दुसरा मुद्दा घाला, की अभिलेख नष्ट केला असल्यास नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत द्यावी. आम्हाला एका कार्यालयातून ‘उपलब्ध नाही’ एवढंच एका ओळीचं पत्र आलं. आम्ही ते पत्रच पडद्यावर सहा सेकंद ठेवलं. निवेदनाची गरज पडली नाही.

विधिमंडळातल्या चर्चांचे छापील खंडही विसरू नका. घटना नोव्हेंबरातली असेल तर त्यानंतर जे अधिवेशन भरलं असेल त्याचे खंड काढा. आमदारांनी विचारलेला प्रश्न आणि मंत्र्यांचं उत्तर एकाच पानावर मिळतं, तेही शब्दशः.

आता नावं. गेलेल्या माणसाचं नाव वर्तमानपत्रात एक, फलकावर दुसरं आणि घरी तिसरं, असं होतं. वडिलांचं नाव गाळलेलं असतं, आडनावाचा ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला असतो, वय पाच वर्षांनी मागेपुढे असतं. घरच्यांना शाळेचा दाखला किंवा रेशनकार्ड दाखवायला सांगा आणि ते जसं लिहितात तसंच लिहा. आमच्या माहितीपटात नावं कुठल्या अक्षरात, किती वेळ दिसावीत यावर आम्ही तिघं एक अख्खा रविवार भांडलो. तो वेळ वाया गेला असं मला आजही वाटत नाही.

घरी जाणं

यातलं सगळ्यात अवघड काम हेच.

पहिल्या भेटीला कॅमेरा नेऊ नका, पिशवीतसुद्धा नको. फोनवर वेळ मागू नका. गावातल्या कुणा विश्वासाच्या माणसाला सोबत घ्या. पुढाऱ्याला मात्र सोबत घेऊ नका. पुढारी ओट्यावर बसला की घरातलं माणूस त्याच्याकडे बघून बोलतं, आणि तेच बोलतं जे चाळीस वर्षं सभेत ऐकलंय. चहा घ्या, आपण कोण, कशासाठी आलोय, पैसे कुणाचे आहेत हे आपणहून सांगा. आमचे पैसे आमच्याच खिशातले होते. तरी “कुठल्या पक्षाचे?” हा प्रश्न दर घरात आला. येणारच.

संमती लेखी घ्या, पण आधी तोंडी समजावून सांगा: कुठे दाखवणार, मोबाइलवर कुणालाही दिसेल का, नंतर एखादा भाग काढायला सांगितला तर काढणार का. आम्ही कागदावर एक ओळ घातली होती, की संकलन पूर्ण होईपर्यंत केव्हाही नाही म्हणता येईल. एका घरानं तसं म्हटलं. आम्ही तो भाग काढला. गेलेल्या दोघांच्या घरांबद्दल इथे यापुढे काही लिहीत नाही. त्यांनी पडद्यावर जेवढं सांगितलं तेवढंच आमचं.

घरात तरुण नातवंडं असतील तर त्यांच्याशी वेगळं बोला. पुष्कळदा आजोबांचा प्रसंग त्यांना शाळेच्या भाषणापुरताच माहीत असतो, आणि तुमच्या प्रश्नांमुळे घरात नको ती धूळ उडते. त्या धुळीची जबाबदारी तुमच्यावर येते, हे जाण्याआधीच मनाशी ठरवा.

एक बाजू हमखास राहते ती पोलिसांची. त्या वेळी शिपाई असलेली माणसं आज निवृत्त होऊन नाशिकमध्येच कुठेतरी राहतात. बोलतीलच असं नाही. पण गोळीबाराच्या प्रत्येक हकिगतीत ‘दगड आधी की गोळी आधी’ हा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर एकाच बाजूनं घेतलंत तर पाहणाऱ्याला ते कळतं. दोघांचं म्हणणं जसंच्या तसं शेजारी ठेवा. जिथे कागदाचा आधार नाही तिथे निवेदकानं निकाल देऊ नये.

मुलाखत

निफाडकडे ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत फवारण्या सुरू असतात. सकाळी आणि संध्याकाळी ट्रॅक्टरचे ब्लोअर असे घोंगावतात, की अर्धा किलोमीटरवरूनही मुलाखत बरबाद होते. ११ ते ४ ही वेळ धरा. पंखा, फ्रीज बंद करा. फ्रीजचं बटण बंद केलं की गाडीची किल्ली फ्रीजवर ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायचा विसरणार नाही. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, उपरण्याच्या आत नको, घासण्याचा आवाज येतो. ट्यूबलाइट असेल तर कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकतं. बोलणं संपल्यावर त्याच खोलीत कुणीही न बोलता एक मिनिट नुसता आवाज घ्या. संकलनात सांधे झाकायला तोच उपयोगी पडतो.

प्रश्न बारीक ठेवा. ‘तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’ असं विचारलं की भाषण येतं. ‘पायात काय होतं?’, ‘जेवण कुठे केलं?’, ‘घरी कोणत्या रस्त्यानं आलात?’ असं विचारलं की तो दिवस येतो. प्रश्न विचारून गप्प बसायला शिका. मला सगळ्यात जास्त वेळ यालाच लागला.

कसबे सुकेण्याजवळच्या एका मळ्यात आम्ही तेव्हा रुळावर बसलेल्या एका आंदोलकाची मुलाखत घेत होतो. त्यांना अण्णा म्हणू. अण्णा छातीवर संघटनेचा लाल बिल्ला लावून, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. चाळीस मिनिटं उत्तम बोलले, आणि मला मनातून कळत होतं की यातलं काहीच वापरता येणार नाही. प्रत्येक वाक्य घासून गुळगुळीत झालेलं. त्यांच्या बायको आतल्या दारात मेथी निवडत बसल्या होत्या. अण्णा म्हणाले, “संध्याकाळी आम्ही घरी आलो.” आतून आवाज आला, “संध्याकाळी कुठं? अकरा वाजले होते.”

अण्णांनी मान वळवली. आजी मेथीकडेच बघत बोलत राहिल्या. “सकाळी दोन भाकरी फडक्यात बांधून दिल्या होत्या. दिवस मावळताना बातमी आली, दोन माणसं गेली. कोन, ते कुनालाच ठाव नाही. मी ओट्यावर. ज्याची पावलं वाजतील ते आपलंच म्हनायचं. आठ पावलं वाजली, सगळी दुसऱ्यांची.”

“हे कधी सांगितलं नाहीस,” अण्णा म्हणाले.

“तुमी इचारलं कधी?”

आमच्या माहितीपटाचा हा कणा झाला. आणि माइक अण्णांच्या सदऱ्यावर! आजींचा आवाज कॅमेऱ्याच्या वरच्या साध्या माइकनं, लांबून, भांड्यांच्या आवाजासकट पकडला होता. तो साफ करायला तीन रात्री गेल्या, तरी पोकळपणा उरलाच. तेव्हापासून खोलीत दुसरा रेकॉर्डर मधोमध ठेवून चालू करतो, नुसता मोबाइल असला तरी. आणि बायका कुठे बसल्यात ते आधी बघतो.

दृश्यं कुठून आणायची

तुमच्याकडे त्या दिवसाचं चित्रण नसणार. मग लोक नाट्यरूपांतर करतात: मळलेली धोतरं, संथ गतीत पडणारा माणूस, लाल रंग. माझं स्पष्ट मत आहे, करू नका. ज्यांच्या घरातला माणूस खरंच पडलाय त्यांना हे बघायला बसवायचंय, हे ध्यानात ठेवा.

आजचं खेरवाडी दाखवा, पण जपून. आज त्या पट्ट्यात जिकडे बघाल तिकडे द्राक्षाचे मांडव दिसतात. तेव्हा त्यांचा एवढा पसारा नव्हता, आणि मांडवावर कॅमेरा फिरवत ‘१९८० साली…’ असं निवेदन चढवलं तर खोटं दिसतं. जे तेव्हाही होतं आणि आजही आहे ते शोधा: रूळ, उसाचा फड, लासलगावचा कांद्याचा लिलाव. लिलावात भाव पुकारला जातो तेव्हा ट्रॅक्टरपाशी उभ्या शेतकऱ्याचा चेहरा घ्या, पुकारणाऱ्याचा नको. अर्थात बाजार समितीत आधी विचारून.

रुळांवर परवानगीशिवाय जाऊ नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे तो गुन्हा आहे; सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून मोठं कारण म्हणजे हा मुख्य मार्ग आहे, गाड्या धडाधड येतात. चित्रणाची परवानगी मध्य रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडे मागायची. हा भाग भुसावळ विभागात येतो. ती मिळेपर्यंत आम्ही फाटकाबाहेरच्या रस्त्यावरून, लांब भिंगानं काम भागवलं, आणि खरं सांगायचं तर तेच चित्र जास्त बोललं: गाडी जाते, धूळ बसते, पलीकडे एक म्हातारा सायकल धरून उभा.

ड्रोनचा मोह आवरा. ओझरचा विमानतळ आणि विमानांचा कारखाना इथून जवळ, देवळालीला तोफखाना, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. जिल्ह्यात उड्डाणावर बंधनं असलेली ठिकाणं बरीच आहेत. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर तुमचं ठिकाण कोणत्या रंगात आहे ते बघितल्याशिवाय ड्रोन पिशवीबाहेर काढू नका.

जुने फोटो घरोघरी निघतात, पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या अल्बममागे. ते घरी नेऊ नका. तिथेच, खिडकीच्या उजेडात, वरून सरळ फोटो घ्या. शक्य असेल तर स्कॅनर घेऊन जा आणि ६०० डीपीआयवर स्कॅन करा. मागची बाजूही घ्या, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. १९८० चा फोटो अजून कॉपीराइटमध्ये आहे, तेव्हा छायाचित्रकार किंवा वर्तमानपत्र यांची लेखी परवानगी लागते. आणि फोटो खरोखर त्याच दिवसाचा आहे का हे तीन जणांना वेगवेगळं विचारा. आम्हाला ‘खेरवाडीचा’ म्हणून मिळालेल्या एका फोटोत मागे घाट दिसत होता. खेरवाडीला कुठला आलाय घाट!

संकलन

सगळ्या मुलाखती आधी शब्दशः उतरवून काढा. तासाभराच्या बोलण्याला पाच-सहा तास लागतात, कंटाळा येतो, पण माहितीपट या कागदांवरच घडतो. वाक्यं कापून, कात्रीनं, जमिनीवर मांडा. आमच्याकडे अकरा तास होते. वापरले साडेनऊ मिनिटं.

बोलीला हात लावू नका. उपशीर्षकात ‘कोन’ला ‘कोण’ करू नका, ‘ठाव नाही’चं ‘माहीत नाही’ करू नका. एका वेळी दोन ओळी पुरेत.

संगीत शेवटी लावून बघा, आणि मग काढून बघा. गोळीबाराच्या हकिगतीखाली बासरी वाजली की मला तरी उठून जावंसं वाटतं. आकडे पडद्यावर येतील तेवढेच ठेवा ज्यांना तुमच्याकडे दोन स्वतंत्र आधार आहेत. ‘हजारो’, ‘लाखो’ हे शब्द साक्षीदाराच्या तोंडी असतील तर राहू द्या, निवेदकाच्या तोंडी नकोत.

हे सगळं करताना तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. आमची एक हार्ड डिस्क पहिल्याच पावसाळ्यात गेली.

दाखवणं

पहिला खेळ घरच्यांसाठी, त्यांच्याच घरात, दुसरं कुणी नसताना. चूक सांगितली तर त्याच रात्री दुरुस्त करा. मग गाव. मग नाशिक. मोठ्या पडद्यावर जाहीर प्रदर्शन करायचं तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, त्याला वेळ धरून ठेवा. १० नोव्हेंबरच्या आसपास दाखवलंत तर जुनी माणसं आपणहून येतात, आणि खेळ संपल्यावर जे बोलतात ते टिपायला रेकॉर्डर चालू ठेवा. माझी अर्धी नवी वही त्या एका संध्याकाळी भरली.

ज्यांनी ज्यांनी वेळ दिला त्या प्रत्येकाला प्रत द्या. लिंक पाठवून भागत नाही, पेनड्राइव्ह द्या. फाईल एमपी४ आणि चार जीबीच्या आत ठेवा, जुन्या टीव्हींना त्याहून मोठी झेपत नाही. आणि स्वतः लावून दाखवा, नुसता हातात ठेवून येऊ नका.

अण्णांच्या मळ्यात आम्ही तो लावला. अण्णा स्वतःच्या भाषणाला मान हलवत होते. आजींचं बोलणं आलं तसं त्या म्हणाल्या, “माझाच आवाज एवढा बारीक का?” मी माइकची गोष्ट सांगायला तोंड उघडलं, तोवर अण्णांनी रिमोट उचलून आवाज वाढवला होता.